तारपा डब्यात कसा भरावा

व्हीआरच्या हेडसेटला आमच्या पाड्यात ‘डबा’ म्हणतात. डोळ्यांवर डबा बांधायचा, कानात आवाज सोडायचा, आणि माणूस वीटभट्टीवर बसल्या बसल्या आपल्या अंगणात जाऊन येतो. मी लग्नाच्या शूटिंगची कामं घेतो, जव्हार-विक्रमगड-मोखाडा या पट्ट्यात. स्वतः वारली. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या एका फोटोग्राफरकडून जुना थ्री-सिक्स्टी, म्हणजे चहूबाजूंचं एकदम घेणारा, कॅमेरा घेतला, तेव्हापासून हा डब्याचा उद्योग मागे लागला. आता महिन्याला एखादा तरी फोन येतो. कधी रायगडकडचा कातकरी पोरगा असतो, कधी गडचिरोलीचा माडिया मास्तर. सगळ्यांचा प्रश्न एकच, कॅमेरा कोणता घेऊ? प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. कॅमेऱ्याचंही सांगतो, पण त्याच्या आधी दुसरं काही ठरवावं लागतं.

डबा घालणारा माणूस त्या दिवशी घरी असता तर कुठे बसला असता? हे आधी ठरवा. मला ते कळायला अख्खं एक शूटिंग वाया गेलं.

पहिल्यांदा मी तारपा नाच घेतला. नवं, म्हणजे नव्या भाताचा पहिला घास, खाऊन झालं होतं, दिवाळीला चार दिवस होते. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, तारपा म्हणजे वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचं लांब तोंड आणि सांध्यासांध्याला मेण. वाजवणारा श्वास घ्यायला थांबत नाही. गालात हवा धरून नाकानं ओढत राहतो, म्हणून सूर तासन् तास तुटत नाही. तो मधे उभा, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली रांग, आणि रांगेतलं कोणी त्याच्याकडे पाठ करत नाही. मी विचार केला, मधली जागा सगळ्यात भारी. तारपकऱ्याच्या शेजारी काठी रोवली आणि वर कॅमेरा. कॉम्प्युटरवर बघितलं तर झकास. जिकडे फिरवावं तिकडे नाच.

माघात तो डबा घेऊन भिवंडीच्या बाजूच्या एका भट्टीवर गेलो. आईची मावशी तिथे असते. दिवाळी झाली की सगळं घर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन विटा पाडायला जातं, ते पावसाच्या तोंडावर परत. आजीच्या डोळ्यांवर डबा बांधला. दहा सेकंद गेली असतील.

“आता कसला तारपा? भात कधीच कोठीत गेलं.”

मी म्हटलं, आजी, रेकॉर्डिंग आहे, बघ तर खरं.

“आणि मला मधे का उभी केली? मी काय तारपा वाजवते?”

डबा काढून माझ्या हातात दिला आणि गारा तुडवायला निघून गेली.

तिचे दोन्ही मुद्दे बरोबर होते. पन्नास-साठ वर्षं ती त्या नाचात आहे, आधी रांगेत, मग रांगेबाहेर ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन. मधे ती कधीच नव्हती. आणि आमच्याकडे तारप्याला हंगाम आहे. भात पिकायच्या आधी तो खाली उतरवत नाहीत आणि हंगाम सरला की पुन्हा आढ्याला टांगतात. मी तिला माघात, नको त्या जागी उभी करून, नको ते ऐकवत होतो. तिच्यामागून पाच-सहा जणांनी डबा घातला. त्यांनीही नाचाकडे फारसं पाहिलं नाही. माना वळवून वळवून मागची घरं बघत होते. कोणाच्या घरावर पत्रा चढला, कोणाचा बैल दिसत नाही, विहिरीला कठडा झाला का. नाच त्यांना पाठच होता हो. घर बघायचं होतं.

तेव्हापासून मी कॅमेरा ओट्यावर ठेवतो, म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बसतात तिथे. बसायच्या जागेपासून अडीच फूट वर. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्या उंचीवर असतात. हा आकडा लिहून ठेवा. भट्टीवर माणूस जमिनीवर बसून बघणार आणि तुम्ही कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीला लावलेला असेल, तर त्याला आपण अधांतरी लोंबतोय असं वाटतं. आणि एकदा ठेवला की कॅमेरा हलवायचा नाही. नाचासोबत रांगेत फिरवून बघितलाय मी. अंग बसलेलं आणि डोळे फिरताहेत, माणसाला मळमळतं. एका भाच्याला तर उलटीच झाली.

ड्रोनचा मोह सगळ्यांनाच होतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे तारप्याचं ते वळणावळणाचं कडं जगभर गेलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रातलं कडं वरून बघितल्यासारखं असतं, माणसं मात्र बाजूनं काढलेली. ड्रोन उडवला की हुबेहूब ते कडं दिसतं आणि बाहेरच्या लोकांना फार आवडतं. पण भट्टीवरच्या एकाही माणसानं आपला नाच झाडाच्या शेंड्यावरून बघितलेला नाही. त्यांच्यासाठी करायचं असेल तर ड्रोनचं भाडं वाचवा.

आधी सभा

कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी पाड्याची बैठक घ्या. आपल्या घरचंच आहे, विचारायचं काय, असं मलाही वाटायचं. पण वारली चित्रं चादरींवर आणि कपांवर छापून कोणी कोणी विकली हे म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. ते संशयानं बघणारच, आणि बघावंच. शिवाय आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठी 1996 साली झालेल्या पेसा कायद्याच्या कलम 4 (घ) मध्ये आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. महाराष्ट्राचे नियम 2014 साली आले आणि पाड्यालाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागता येते. म्हणून काय घ्यायचं, काय नाही, कोणाला दाखवायचं, हे सभेत ठरवून वहीत लिहून घ्या. अंगठे-सह्यांसकट. काम आपोआप सोपं होतं. एकदा वहीत आलं की नंतर पाव्हणा येऊन ‘तो भाग पण दाखव ना’ म्हणाला तर वही दाखवता येते.

आमच्या वहीत लग्नाबद्दल असं आहे. सवासिनी भिंतीवर देवचौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहितात ते घ्यायला हरकत नाही. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा हात चालतो, बाहेर बायका गातात, पोरं वाटी लवंडतात, सगळं घ्या. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, तिची गाणी तिला विचारून. भगत आत बसला की कॅमेरा बंद. बंद म्हणजे पालथा घालून नव्हे, पिशवीत. थ्री-सिक्स्टीला पालथी बाजूच नसते. साध्या कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं की भागतं, हा मात्र दोन्हीकडून बेडकासारखा बघतच राहतो. मला एका भगतानंच विचारलं होतं, “याची पाठ कुठली?” मला उत्तर देता आलं नाही. नाचात तारप्याकडे पाठ करू नये म्हणतात, तेवढं एक याला बरोबर जमतं.

फायली तीन फोल्डरमध्ये ठेवतो. सगळ्यांसाठी, पाड्यासाठी, घरासाठी. तिसऱ्यातलं त्या घरच्यानं मागितल्याशिवाय उघडत नाही. ही अक्कल माझी नाही. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांसोबत काम करताना ‘मुकुर्तू’ नावाची संगणकावरची पेटी तयार झाली. त्यांच्या भाषेत मुकुर्तू म्हणजे जपून ठेवायच्या वस्तूंची झोळी, आणि झोळीतलं काय कोणाला दाखवायचं ते राखणारे जाणते ठरवतात. ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण सर्व्हर वगैरे सांभाळावा लागतो. माझं काम तीन फोल्डर आणि दोन हार्ड डिस्कवर चालतं. एक डिस्क माझ्याकडे, एक जव्हारला भावाकडे. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ टाकलं म्हणजे कुलूप लागलं असं समजू नका. लिंक फॉरवर्ड व्हायला एक लग्नाचा ग्रुप पुरतो.

कॅमेरा, एकदाचा

दोन भिंगांचा, 5.7के घेणारा कुठलाही चालेल. जुना घ्या. 5.7के ऐकायला मोठं वाटतं, पण ते 5,760 ठिपके चहूकडे पसरलेले असतात. डब्यात एका वेळी चौथ्या हिश्शाइतकंच दिसतं, म्हणजे जेमतेम दीड हजार ठिपके. त्यामुळे पंधरा फुटांच्या पलीकडचा चेहरा ओळखू येत नाही. आणि चेहरा ओळखू आला नाही तर या सगळ्याचा उपयोग शून्य. माणसं पाच ते बारा फुटांत राहतील अशी जागा धरा. त्याच्याही जवळ नको, कारण दोन भिंगांची चित्रं जिथे जोडली जातात त्या रेषेवर जवळची वस्तू तुटते. माझ्या मावशीचा डावा हात एका शूटमध्ये कोपरापासून गायब आहे. ती अजून विचारते, “माझा हात परत दिलास का?” कॅमेऱ्याची कड भिंतीकडे किंवा रिकाम्या बाजूला वळवा, भिंगं माणसांकडे.

सेटिंगमध्ये सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंदावर धरा. आपली वीज 50 हर्ट्झची, नाहीतर लग्नमांडवातल्या ट्यूबा आणि एलईडी पडद्यावर फडफडतात. आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची ताकद, 1600 च्या वर सोडू नका. सेकंदाला 100 मेगाबिटनं घेतलं तर तासाला 45 जीबी जातात, म्हणजे 128 चं कार्ड पावणेतीन तास पुरतं. बॅटरी त्याच्या खूप आधी संपते, तीन ठेवा. आणि काठी बारीक घ्या. जाड ट्रायपॉड डब्यात खाली बघितलं की पायांच्या जागी दिसतो. कॅमेरा सुरू करून तुम्ही स्वतः लपा. मी पेंढ्यामागे बसतो.

बोहाड्याचं वेगळं. जव्हार-मोखाड्याकडे चैत्र-वैशाखात रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात, आणि भट्ट्या तेव्हा ऐन जोरात असतात. म्हणजे सगळ्यात जास्त माणसं नेमकी याला मुकतात. पण उजेड टेंभ्यांचा. छोट्या भिंगांना तो पुरत नाही, सगळं काळं आणि दाणेदार येतं. हॅलोजन लावून बघितला, चित्र स्वच्छ आलं आणि बोहाडा मेला. मुखवट्यांचा रंग सपाट, सावली नाही, लहान पोरं भ्यायची ती हसायला लागली. आता गाववाल्यांना सांगून सोंगं जिथे गिरकी घेतात तिथे दोन टेंभे जास्त धरून घेतो आणि कॅमेरा सहा फुटांवर आणतो. दाणे येतात, येऊ द्यावेत. संबळ जवळ आला की कॅमेऱ्याच्या आतला माइक फाटतो, म्हणून आवाज वेगळा घ्यायचा.

आवाजाला अर्धे पैसे ठेवा. चार बाजूंचा आवाज घेणारा अ‍ॅम्बिसॉनिक रेकॉर्डर मिळतो. त्यानं घेतलेल्या आवाजाची दिशा मान वळवली की बदलते. तारपा उजवीकडे असेल आणि तुम्ही उजवीकडे वळलात, तर तो समोर येतो. मात्र रेकॉर्डर कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, त्याच काठीला, तोंड त्याच दिशेला बांधा. मी एकदा तो तारपकऱ्याजवळ ठेवला होता. डोळ्यांना नाच पुढे आणि कानांना पाठीमागे, माणूस गोंधळून गेला. वाऱ्यासाठी वर केसाळ टोपी घाला. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, ती नंतर चित्र आणि आवाज जुळवायला लागते. रेकॉर्डर परवडत नसेल तर साध्या फोनवरचा नीट आवाज चालेल. पण नाच सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं घ्याच. त्यात कोंबडी असते, कोणाचा खोकला असतो, ‘अरे तो कंदील आण’ असतं. भट्टीवर एका माणसानं आठ मिनिटांच्या फिल्ममध्ये फक्त कुत्र्याच्या भुंकण्यावरून ओळखलं की कॅमेरा कोणाच्या दारात ठेवलाय.

घराचं स्कॅनिंगही होतं, म्हणजे कुडाच्या घरात हिंडून-फिरून यायची सोय. कारवीचा कुड पडून विटांची भिंत येते आहे, म्हणून मी आता ते पण करतो. फोटो जोडून घर उभं करणारं अ‍ॅप फोनवर मिळतं. ढगाळ दिवशी, सावकाश, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग येईल असं चालत दीड-दोनशे फोटो घ्यायचे. शेणानं सारवलेली, चौक लिहिलेली भिंत यात सुरेख उठते. नवी, चुना मारलेली कोरी भिंत अजिबात येत नाही. अ‍ॅपला तिच्यावर धरायला काही सापडत नाही.

भट्टीवर दाखवताना

स्वस्तात सुरू करायचं तर पुठ्ठ्याचा डबा आणि फोन. पण फोनमध्ये जायरोस्कोप आहे का ते आधी बघा. स्वस्त फोनमध्ये तो बरेचदा नसतो, मग मान वळवली तरी चित्र जागचं हलत नाही. मी तीन फोन गोळा करून गेलो होतो, तिन्ही बिनजायरोचे निघाले. त्या दिवशी नुसता आवाज ऐकवून परत आलो.

स्वतंत्र हेडसेट असेल तर त्याचं लॉगिन, अपडेट सगळं घरी वायफायवर उरकून घ्या आणि व्हिडिओ त्याच्या मेमरीतच टाका. भट्टीवर नेटवर नाचणारं चक्र बघत बसू नका. बॅटरी दोन तास चालते, पॉवर बँक न्या. खोपटात अंधार असला की डब्याच्या बाहेरच्या कॅमेऱ्यांना काही दिसत नाही आणि चित्र भरकटतं, म्हणून बॅटरीचा दिवा लावा. उलट उन्हात डबा भिंगं वर करून कधी ठेवू नका. भिंगातून ऊन आत शिरून पडदा जळतो. माझ्या डब्यात पाच मिनिटांच्या चहापायी एक पिवळा डाग कायमचा आहे. आमच्या पोरांनी त्याला सूर्यदेव नाव ठेवलंय.

जायचं ते खर्चीच्या, म्हणजे खर्चाला पैसे मिळतात त्या दिवशी, बाजार करून लोक निवांत असतात तेव्हा. शेठ-मुकादमाला आधी सांगा. कामाच्या वेळेत गेलात तर विटांचा हिशेब घसरतो आणि तो माणसांच्या अंगावर येतो. घामाचे चेहरे असतात, प्रत्येकानंतर डबा पुसा, मधे सुती फडकं लावा. एका वेळी सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त नाही. लहान पोरांना डबा देत नाही, त्यांना तेच फोनवर बोटानं फिरवून दाखवतो. बघणाऱ्याला फिरत्या स्टुलावर किंवा मोकळ्या जमिनीवर बसवा, भोवती विटांची रास नको. कोणी डबा काढून ठेवला तर का म्हणून विचारू नका.

हंगामाचंही पाळा. बोहाड्याची फिल्म त्याच आठवड्यात भट्टीवर पोचली पाहिजे. आठ मिनिटांची फाइल बनवल्यावर अडीच जीबीच्या आसपास होते. आमच्या पाड्यात ती पाठवायला रेंज नाही, म्हणून कार्ड भट्टीकडे निघालेल्या पाव्हण्याच्या खिशात जातं. तारपा मी आता माघात कोणाला दाखवत नाही. ज्या पोरांना दिवाळीत कारखान्यातून सुट्टी मिळत नाही, त्यांना तो दिवाळीतच दाखवतो, बोईसरच्या खोल्यांमध्ये.

आजीकडे पुन्हा गेलो ते पुढच्या वर्षी, लग्नाची फिल्म घेऊन. कॅमेरा ओट्यावर होता, तिच्या जागी. बहिणीला शेजारी बसवलं होतं आणि सांगितलं होतं की कॅमेरा आहे हे विसर, आजी बसली आहे असं समजून अधूनमधून बोल. मांडवात गाणी चाललेली, मधेच बहीण वळून म्हणते, “आजी, तुझी शेळी व्याली गं. दोन्ही पाटी झाल्या.”

भट्टीवर आजी डब्याच्या आतून मोठ्यानं म्हणाली, “रंग कोणता?”

बहीण अर्थातच पुन्हा मांडवाकडे बघायला लागली होती. आजीनं दोनदा विचारलं, मग डबा काढला आणि माझ्याकडे हात पुढे केला. फोन मागत होती. मी घरचा नंबर लावून दिला. एक काळी होती, एक बांडी.